जर्मनीतल्या शाळेत भूगोलाचा तास: एक्स्चेंज विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीनंतर किंवा अकरावीच्या सुमारास एका शैक्षणिक वर्षासाठी किंवा काही महिन्यांसाठी जर्मनीतल्या शाळेत जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. गणितात आकडे सांभाळून घेतात, इंग्रजीत आपण पुढेच असतो. भूगोलाच्या तासाला मात्र भाषा, नकाशा आणि त्या देशाबद्दलची माहिती या तिन्ही गोष्टी एकदम लागतात. म्हणून या विषयाची तयारी घरूनच सुरू करावी.

तिथे भूगोल हा वेगळा विषय असतो का? आठवड्यात किती तास?

राज्यावर अवलंबून आहे. जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे आणि १६ राज्यांचे १६ अभ्यासक्रम आहेत. नोर्डऱ्हाइन-वेस्टफालनमध्ये विषयाचे नाव एअर्डकुंडे, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये गेओग्राफी. काही शाळांत तो इतिहास-राज्यशास्त्राबरोबर एकत्र शिकवतात. साधारण आठवड्याला एक-दोन तास, ४५ मिनिटांचे किंवा ९० मिनिटांचा एक जोडतास.

यजमान देशाचा भूगोल वर्गात शिकवतील ना?

बहुतेकांची गफलत इथेच होते. जर्मनीची राज्ये, नद्या, पर्वत, शेतीचे पट्टे हे सगळे तिथली मुले साधारण पाचवी-सहावीत शिकून मोकळी होतात. तुम्ही बसता नववी, दहावी किंवा अकरावीत. तिथे चर्चा चालते जागतिकीकरणाची, हवामानबदलाची, महानगरांची, ऊर्जेची. रूर खोरे, म्हणजे जर्मनीचा जुना कोळसा-खाणींचा पट्टा, कुठे आहे हे कोणी सांगत नाही, ते माहीत आहे असे धरूनच शिक्षक पुढे जातात.

उपाय सोपा आहे. पहिल्याच आठवड्यात शाळेच्या ग्रंथालयातून किंवा विषयशिक्षकांकडून पाचवीचे भूगोलाचे पुस्तक मागून घ्या. भाषा सोपी, चित्रे भरपूर, वाक्ये छोटी. रोज दोन पाने वाचली तर दोन-अडीच महिन्यांत ते संपते आणि त्या वाचनातून भूगोलाची जर्मन परिभाषाही तोंडात बसते. लहान मुलांचे पुस्तक मागायला संकोच करू नका. शिक्षकांना ही मागणी रास्तच वाटते.

नकाशावर किमान काय पाठ असावे?

१६ राज्ये, त्यांच्या राजधान्या, नऊ शेजारी देश, दोन समुद्र, सात-आठ नद्या आणि चार भूरूप-पट्टे.

राजधान्यांत चुका ठरलेल्या आहेत, कारण आपण सर्वांत प्रसिद्ध शहर लिहितो. हेसेनची राजधानी फ्रांकफुर्ट नाही, वीसबाडेन आहे. नोर्डऱ्हाइन-वेस्टफालनची क्योल्न नाही, ड्युसेलडोर्फ. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्नची रोस्टोक नाही, श्वेरीन. झाक्सेनची लाइपझिग नाही, ड्रेस्डेन. बर्लिन, हांबुर्ग आणि ब्रेमेन ही तीन शहरे स्वतःच राज्ये आहेत. ब्रेमेन राज्याचे दोन तुकडे आहेत, ब्रेमेन आणि समुद्राकाठचे ब्रेमरहाफेन, आणि मधला भाग नीडरझाक्सेनचा. कोऱ्या नकाशावर दुसरा तुकडा रंगवायचा हमखास राहतो. फ्रांकफुर्टही दोन आहेत, एक माइन नदीवर आणि दुसरे पोलंडच्या सीमेवर ओडर नदीवर. म्हणून नदीचे नाव जोडूनच लिहायचे.

नावे जर्मन रूपातच पाठ करा. आपल्याला म्युनिक, कोलोन, डॅन्यूब, बाल्टिक ही इंग्रजी रूपे ठाऊक असतात. तिथल्या नकाशावर म्युन्शेन, क्योल्न, डोनाउ, ओस्टझे अशी नावे सापडतील.

नद्यांत ऱ्हाइन, एल्ब, वेझर, एम्स या नॉर्थ सीकडे जातात, ओडर बाल्टिककडे आणि डोनाउ एकटी पूर्वेला वळून काळ्या समुद्राकडे. डोनाउच्या उपनद्यांसाठी तिथल्या मुलांना एक यमक पाठ असते. त्यात इलर, लेख, इझार, इन या उजवीकडून येतात आणि आल्टम्यूल, नाब, रेगन डावीकडून. उजवी-डावी ठरवताना प्रवाहाच्या दिशेने तोंड करायचे. आपल्याकडेही नियम हाच, पण उत्तर वर ठेवून नकाशा बघताना तो विसरला जातो.

चार भूरूप-पट्टे म्हणजे कोणते? नुसती नावे पुरतात का?

नावे पुरत नाहीत. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना सखल मैदान, मध्यम उंचीचे पर्वत, आल्प्सचा पायथा आणि आल्प्स असे चार पट्टे लागतात. काही पुस्तके नैर्ऋत्येकडचा पायऱ्यापायऱ्यांचा प्रदेश पाचवा म्हणून वेगळा काढतात. प्रत्येक पट्टा असा का झाला, हे परीक्षेत विचारतात.

उत्तरेचे मैदान हिमयुगाने घडवले. स्कँडिनेव्हियातून बर्फाची चादर खाली सरकली आणि माघार घेताना चार भूरूपे ठरलेल्या क्रमाने मागे ठेवून गेली. बर्फाच्या बाजूने बाहेर पडताना आधी तळहिमोढ (हिमोढ म्हणजे बर्फाने वाहून आणलेला दगडमातीचा गाळ), मग अंत्यहिमोढाची टेकड्यांची रांग, त्यापुढे वितळपाण्याने पसरलेले वाळूचे मैदान आणि शेवटी ते पाणी वाहून नेणारी रुंद दरी. या मालिकेला ग्लात्सिआले झेरी म्हणतात. क्रम उलटा लिहिला की गुण जातात. वाळूच्या मैदानावर पाइनची जंगले, राय नावाचे धान्य आणि बटाटा. तळहिमोढाच्या चिकणमातीत गहू.

मैदानाच्या दक्षिण कडेला लोएस मातीचा पट्टा आहे, ब्योर्डे नावाचा. माग्डेबुर्ग आणि हिल्डेसहाइमच्या आसपासची ही देशातली सर्वांत सुपीक जमीन. गहू आणि साखरबीट इथलेच. विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलांनी इथे तोंड उघडावे: आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झाली, ही माती वाऱ्याने आणलेल्या हिमयुगीन धुळीची. दोन्ही सुपीक, जन्म मात्र वेगळा. शिक्षकांना अशी तुलना मनापासून आवडते.

मधल्या पर्वतांत हार्ट्‌सचे ब्रोकेन शिखर १,१४१ मीटर आणि श्वार्त्सवाल्डचे फेल्डबर्ग १,४९३ मीटर. देशातले सर्वोच्च शिखर आल्प्समधले त्सुगश्पित्से, २,९६२ मीटर. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे फेल्डबर्गहून उंच. ऱ्हाइनच्या वरच्या टप्प्याची दरी ही खचदरी आहे. दोन्ही काठांचे डोंगर, एकीकडे श्वार्त्सवाल्ड आणि दुसरीकडे फ्रान्समधले व्होज, वर उचलले गेले आणि मधला भाग खचला.

पुस्तकात परिच्छेद कमी आणि चित्रे-तक्तेच जास्त आहेत. अभ्यास कशाचा करायचा?

त्या चित्रांचा आणि तक्त्यांचाच. प्रत्येक नकाशा, आलेख, फोटो, बातमीचे कात्रण यांना एम १, एम २, एम ३ असे क्रमांक असतात. एम म्हणजे मटेरियाल. प्रश्न या साहित्यावर येतात आणि उत्तर त्यातूनच काढायचे असते. कितीही बरोबर उत्तर लिहिले आणि ते कोणत्या साहित्यातून आले हे सांगितले नाही, तर गुण कापतात. प्रत्येक विधानानंतर कंसात एम २ असे लिहायची सवय लावा. ‘आउस एम आइन्स गेट हेरफोर, दास…’, म्हणजे ‘एम १ वरून असे दिसते की…’, हे एक वाक्य तोंडपाठ असले तरी निम्मी उत्तरे सुरू करता येतात. ‘दास’नंतर क्रियापद शेवटी जाते, तेवढे सांभाळा.

पाठांतर उत्तम असूनही गुण का येत नाहीत?

प्रश्नातल्या क्रियापदाकडे दुर्लक्ष होते म्हणून. या क्रियापदांना ओपेराटोरेन म्हणतात आणि त्यांचा अर्थ काटेकोर ठरलेला आहे. ‘नेनेन’ असेल तर फक्त नावे द्या, कारणे नकोत. ‘बेश्रायबेन’ म्हणजे दिसते ते क्रमाने सांगा, इथेही ‘कारण’ हा शब्द येता कामा नये. ‘एरक्लेरेन’ म्हणजे कारण आणि परिणाम जोडा. ‘एरलॉयटर्न’ला उदाहरण किंवा आकडा हवाच. ‘फेअरग्लायशेन’ला साम्य आणि फरक दोन्ही, शिवाय शेवटी निष्कर्ष. ‘बेउर्टायलेन’ म्हणजे निकष सांगून, दोन्ही बाजू तोलून निर्णय देणे.

आपल्याकडे ‘टिपा लिहा’ आला की जेवढे माहीत तेवढे ओतायची सवय असते. तिथे वर्णनाच्या प्रश्नात कारणे लिहिली तर त्यांना शून्य गुण, आणि वेळ गेला तो वेगळाच. उलट ‘बेउर्टायलेन’च्या प्रश्नात नुसते वर्णन लिहिले की उत्तर अर्धवट राहते. अवघड प्रश्नांना जास्त गुण असतात, म्हणून शेवटच्या प्रश्नासाठी वेळ राखून ठेवा.

नकाशाचे वर्णन कोणत्या क्रमाने करायचे?

विषय, प्रदेश, वर्ष, प्रमाण, सूची आणि नकाशाचा प्रकार हे आधी. मग ठळक आकृतिबंध: दाट कुठे, विरळ कुठे, अपवाद कोणता. मग कारणे. शेवटी नकाशा काय दाखवत नाही ते. बालभारतीच्या नववीच्या पुस्तकातल्या टिंब, क्षेत्रघनी आणि समघनी या तिन्ही पद्धती इथे थेट उपयोगी पडतात. क्षेत्रघनी नकाशा बघताना एक टीका बिनदिक्कत मांडा: राज्याला एकच रंग दिला की राज्याच्या आतला फरक झाकला जातो. बायर्नमध्ये म्युन्शेनही आहे आणि चेक सीमेवरची विरळ गावेही.

आकड्यांत गोंधळ होतो. का?

दशांशचिन्ह आणि स्वल्पविराम तिथे उलटे आहेत. ३,५ म्हणजे साडेतीन. ३५७.००० म्हणजे तीन लाख सत्तावन्न हजार, हे जर्मनीचे क्षेत्रफळ चौरस किलोमीटरमध्ये. आपल्या पद्धतीने ३,५७,००० लिहिले तर वाचणारा चक्रावतो.

मोठ्या संख्यांत धोका अधिक. मिलियोन म्हणजे १० लाख. मिलियार्डे म्हणजे १०० कोटी, आपला अब्ज. जर्मन बिलियोन म्हणजे एक लाख कोटी. इंग्रजीतला बिलियन आणि जर्मनमधला बिलियोन यांत हजारपटीचा फरक आहे. भारताची लोकसंख्या तिथे १,४ मिलियार्डेन अशी लिहायची.

हाताने लिहिलेला एक तिथे वर टोकदार शेपूट काढून लिहितात. तो आपल्याला सात वाटतो. त्यांच्या सातला मध्ये आडवी रेघ असते.

हवामान आलेख काढायला सांगतात, तो आपल्या संयुक्त आलेखासारखाच असतो का?

दिसतो तसा, पण एक नियम जास्त आहे. डाव्या अक्षावर तापमान आणि उजव्यावर पर्जन्य, आणि १० अंश सेल्सिअसच्या समोर २० मिमी आलेच पाहिजेत. हे १:२ प्रमाण सांभाळले नाही तर आलेखच चुकतो, कारण पर्जन्य तापमानरेषेच्या वर असेल तो महिना आर्द्र आणि खाली असेल तो शुष्क, असे वाचन त्यावर ठरते. समजा एखाद्या महिन्यात २५ अंश आणि ४० मिमी आहेत. नियमाप्रमाणे २५ अंशांची उंची ५० मिमीला येते, म्हणून महिना शुष्क. दोन्ही अक्ष १:१ घेतले तर तोच महिना आर्द्र दिसेल.

कागद चौकटीचा घ्या. १ सेंमी म्हणजे १० अंश आणि २० मिमी, प्रत्येक महिन्याला १ सेंमी. तापमानाची रेषा लाल, पर्जन्याचे स्तंभ निळे. वर ठिकाणाचे नाव, समुद्रसपाटीपासून उंची, अक्षांश-रेखांश, वार्षिक सरासरी तापमान आणि एकूण पर्जन्य.

मुंबईचा आलेख काढायला घेतलात तर अडचण येते. जुलैत ८०० मिमीहून अधिक पाऊस, म्हणजे स्तंभ ४० सेंमीचा, आणि कागद ३० सेंमीचासुद्धा नाही. त्यासाठी १०० मिमीच्या वर प्रमाण दहापट आवळतात, १ सेंमीला २०० मिमी. मग ८०० मिमीचा स्तंभ ५ अधिक ३.५ असा ८.५ सेंमीत बसतो. आवळलेला भाग गडद रंगवा आणि अक्षावर तसे लिहा.

वेळेचा आणि सूर्याचा प्रश्न हमखास येतो म्हणे?

हो, आणि तो तुमच्या हातचा आहे. मध्य युरोपीय वेळ १५ अंश पूर्व रेखावृत्ताची, ते ग्योर्लित्स शहरातून जाते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांची, मिर्झापूरजवळची. फरक ६७.५ अंश, भागिले १५, म्हणजे साडेचार तास. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर पुढे जातात, मग फरक साडेतीन तास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा साडेचार.

सूर्याची मध्यान्हीची उंची अशी काढा: ९० मधून अक्षांश वजा आणि डिसेंबरसाठी आणखी २३.५ वजा. बर्लिन ५२.५ अंशांवर, म्हणून १४ अंश. पुणे १८.५ वर, म्हणून ४८ अंश. पुण्यात मे आणि जुलैत सूर्य डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते, जर्मनीत असे कधीच होत नाही.

गुणपद्धती कशी असते?

१ सर्वोत्तम, ६ सर्वांत वाईट आणि ४ पर्यंत उत्तीर्ण. वरच्या वर्गांत ० ते १५ गुण असतात आणि तिथे १५ सर्वोत्तम. वर्गातल्या तोंडी सहभागाचे वजन मोठे असते. काही राज्यांत खालच्या वर्गांना या विषयाची मोठी लेखी परीक्षाच नसते, फक्त छोट्या चाचण्या.

म्हणून गप्प बसणे सर्वांत महाग पडते. शिक्षकांनी विचारल्याशिवाय बोलू नये हा आपला संस्कार तिथे ‘मुलाला रस नाही’ असा वाचला जातो. दर तासाला एकदा तरी हात वर करा. सुरुवातीला साहित्याचे नुसते वर्णन करणारे वाक्य बोला, ते आदल्या रात्री लिहून ठेवता येते. एक्स्चेंज विद्यार्थ्यांना गुण द्यायचे की नाही, चाचणीत शब्दकोश चालेल का, जादा वेळ मिळेल का, हे शाळा ठरवते. पहिल्या आठवड्यातच विचारा.

कोणते साहित्य लागते?

अॅटलास बहुधा शाळेत मिळतो. डीर्के हा १८८३ पासून निघणारा अॅटलास बऱ्याच वर्गांत दिसेल. मागच्या सूचीत गावाचे नाव, पान आणि चौकोनाचा क्रमांक असतो. अक्षरावर दोन टिंबे असलेले स्वर साध्या स्वरांच्याच जागी शोधायचे. याशिवाय ए-फोर फाइल, चौकटीचे कागद, रंगीत पेन्सिली आणि गेओड्रायएक, म्हणजे पट्टी आणि कोनमापक एकत्र असलेला त्रिकोण. नकाशे आणि आलेख पेन्सिलीने, उत्तरे शाईने.

भारतावर सादरीकरण द्यायला सांगतात. काय निवडावे?

ताजमहाल, सण आणि मसाले सोडा. दहा मिनिटांत एकच भौगोलिक प्रश्न घ्या आणि तो जर्मनीतल्या गोष्टीला जोडा. तीन विषय चांगले चालतात.

पहिला, दख्खनचा पठारी बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या या लाव्हाने आज सुमारे ५ लाख चौरस किमी व्यापले आहेत, अख्ख्या जर्मनीपेक्षा जास्त. शेजारी हेसेनमधला फोगेल्सबर्ग ठेवा, मध्य युरोपातला सर्वांत मोठा ज्वालामुखी प्रदेश. तो सुमारे २,५०० चौरस किमीचा आहे. प्रमाणाची जाणीव एका स्लाइडमध्ये होते.

दुसरा, पर्जन्यछाया. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीहून अधिक पाऊस आणि रस्त्याने तीसेक किलोमीटरवरच्या वाईला १,००० मिमीहून कमी. एक उभा छेद काढा, बाणांनी वारा दाखवा.

तिसरा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो: रूर खोरे आणि गिरणगाव. रूरमध्ये कोळशाचे थर उत्तरेकडे उतरत जातात, म्हणून खाणी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेल्या. त्सोलफरआइन खाण १९८६ मध्ये बंद झाली आणि २००१ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरली. बोट्रोपची शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये थांबली. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. पुढे दोन्हीकडच्या जमिनीचे काय झाले? रूरमध्ये बोखुमसारखी विद्यापीठे आणि संग्रहालये आली, गिरणगावात मॉल आणि टॉवर उभे राहिले. कामगारांचे काय झाले, हा प्रश्न वर्गाला विचारा. चर्चा आपोआप रंगते.

पुस्तकात मुंबईचे उदाहरण धारावीचेच येते. काय बोलावे?

चिडू नका आणि नाकारूही नका. पुस्तकातला फोटो खोटा नसतो, अपुरा असतो. कुंभारवाडा, चामड्याचे कारखाने, भंगार आणि प्लास्टिकची पुनर्प्रक्रिया ही धारावीची अर्थव्यवस्था सांगा. लोक तिथेच का राहतात हे जमिनीची किंमत आणि कामापासूनचे अंतर यांनी समजावा. ‘एम ३ मध्ये घरे दिसतात, कामाची ठिकाणे दिसत नाहीत’ हे वाक्य कोणत्याही भावनिक भाषणापेक्षा वजनदार ठरते.

अॅटलासमध्ये भारताची सीमा वेगळी दिसते. मग?

जम्मू-काश्मीरच्या भागात परदेशी अॅटलास तुटक रेषा दाखवतात. शाळेच्या पुस्तकावर खाडाखोड करू नका. स्वतःच्या सादरीकरणात सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा वापरा. कोणी विचारले तर भारताची अधिकृत भूमिका दोन वाक्यांत सांगा.

क्षेत्रभेटीला काय लक्षात ठेवावे?

दहावीच्या पुस्तकातला क्षेत्रभेटीचा पहिला धडा सोबत न्या, प्रश्नावली तशीच बनवता येते. शहरात बहुधा भूमी उपयोजनाचा नकाशा करायला सांगतात. इमारतीचा तळमजला आणि वरचे मजले वेगळे नोंदवा, दुकानांच्या वर घरे असतात. स्थलदर्शक नकाशा १:२५,००० असेल तर ४ सेंमी म्हणजे १ किमी. आपल्या १:५०,००० च्या सवयीने मोजले तर अंतर दुप्पट येते. समोच्च रेषांमधले अंतर प्रत्येक पत्रकावर वाचा. सपाट भागात ते बदलते.

नॉर्थ सीच्या किनाऱ्यावर ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलमैदानावर, वाटेनमेअरवर, सहल जाते. २००९ पासून तो जागतिक वारसा आहे. वाटाड्याशिवाय तिथे पाऊलही टाकू नका. भरतीचे पाणी आधी खोलगट नाल्यांतून मागच्या बाजूने भरते, त्यामुळे समोर कोरडे दिसत असताना परतीची वाट बंद झालेली असते. धुकेही अचानक उतरते.

जर्मन कच्चे आहे. नावे लवकर पाठ होण्याचा काही उपाय?

‘श्टाट, लांड, फ्लुस’ खेळा. आपला नाव-गाव-फळ-फूलच, रकाने मात्र शहर, देश आणि नदीचे. एक अक्षर ठरते आणि पहिला ‘श्टॉप’ म्हणतो. दुसऱ्याशी जुळले तर ५ गुण, वेगळे असेल तर १०, फक्त तुमच्याकडेच उत्तर असेल तर २०. इ अक्षराला सगळे इझार नाही तर इन लिहितात. तुम्ही इंद्रायणी लिहा आणि ती कुठून कुठे जाते हे सांगायची तयारी ठेवा, कारण यजमान घरातली मंडळी अॅटलास काढून तपासतात.

परतल्यावर हे वर्ष इथे धरले जाते का?

गृहीत धरू नका. जाण्याआधी इथल्या शाळेकडून किंवा कनिष्ठ महाविद्यालयाकडून लेखी घ्या की वर्ष पुन्हा करावे लागेल की नाही. तिकडून निघताना शाळेच्या शिक्क्याचे उपस्थितीपत्र, विषयांची यादी तासांसह, आणि गुण दिले असतील तर गुणपत्रक घ्या. उन्हाळी सुट्टी प्रत्येक राज्यात वेगळ्या तारखेला सुरू होते आणि कार्यालय तेव्हा बंद असू शकते, म्हणून ही कागदपत्रे शेवटच्या दिवशी मागू नका, तीन आठवडे आधी अर्ज द्या.